मेलबर्न, जकार्ता, अंधेरी : सर्वांत मोठा फुटबॉलपटू कोण?

मेस्सी मोठा की रोनाल्डो, हा वाद आता आमच्या कडेगावातही चहाच्या टपरीवर ऐकू येतो. मध्यरात्रीनंतर सुरू होणारे युरोपातले सामने मोबाइलवर बघून सकाळी वर्गात पेंगणारी मुले मला नेहमी दिसतात. त्यांच्या तोंडी ‘गोट’ हा शब्द असतो. ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम या शब्दांची आद्याक्षरे जोडून तो केलेला आहे. बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यात हा शब्द आमच्या घरात भलताच गोंधळ घालतो, ते असो.

थोडी वयस्क माणसे या वादात पेले आणि मॅराडोनाची नावे पुढे करतात. मुले म्हणतात, पेलेच्या वेळी बचाव करणारे एवढे तयारीचे होते कुठे? वयस्क म्हणतात, मॅराडोनाला जसे लाथा घालून पाडायचे तसे मेस्सीला पाडले असते तर? वाद तिथेच थांबतो, कारण दोन्ही प्रश्नांचे उत्तर कुणापाशी नसते. आणि या सगळ्यात एकही भारतीय नाव निघत नाही. मला वाटते, वेगवेगळ्या काळांतल्या खेळाडूंची तुलना कशी करावी हे समजून घ्यायचे असेल तर आपल्याच खेळाडूंपासून सुरुवात करावी. त्यांचे बूट, त्यांची मैदाने, त्यांचे पगार, त्यांचे आजार आपल्या ओळखीचे आहेत. ब्राझीलच्या गल्लीची आपल्याला कल्पना करावी लागते, सिकंदराबादच्या गल्लीची करावी लागत नाही.

आमचा सातारा-सांगलीचा पट्टा कुस्तीचा. इथे असली तुलना पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. मारुती माने मोठे की गणपतराव आंदळकर? खाशाबा जाधव आजच्या मॅटवर उतरले असते तर? गामाला आजचा कोणता मल्ल पुरला असता? तालमीच्या कट्ट्यावरची जुनी माणसे या प्रश्नांना चटकन एका नावात उत्तर देत नाहीत. ती आधी विचारतात, कुस्ती मातीतली की मॅटवरची? निकाली की गुणांवर? समोरचा किती वजनाचा? त्याला आधी कोणी पाडले होते का? खुराक कुणाचा होता, संस्थानाचा की घरच्या म्हशीचा? एवढे सगळे झाल्यावर मग नाव. फुटबॉलच्या वादात हे प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे फक्त गोल मोजतात.

गोलच मोजायचे झाले तर एक गंमत सांगतो. जून २०१८ मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर चार देशांची एक स्पर्धा झाली. १ जूनला भारताने चिनी तैपेईचा ५-० असा पराभव केला आणि सुनील छेत्री यांनी हॅट्ट्रिक केली. सामना बघायला माणसे होती अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रींनी एक व्हिडिओ टाकला. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा, अशा अर्थाची ती विनवणी होती. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना त्यांचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. पावसात मैदान भरले. १० जूनच्या अंतिम सामन्यात पुन्हा केनियाच समोर होता. भारताने २-० असा विजय मिळवला, दोन्ही गोल छेत्रींचे. त्या दोन गोलांनी त्यांच्या आंतरराष्ट्रीय गोलांची संख्या ६४ झाली. त्या दिवशी मेस्सीचे गोलही ६४ होते.

म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात अंधेरीचा आणि बार्सिलोनाचा माणूस शेजारी शेजारी बसला. दोन दिवस मोबाइलवर हेच फिरत होते. स्वतः छेत्रींनी ही तुलना मानली नाही. ते बरोबरच होते. त्यांचे गोल नेपाळ, मालदीव, तैपेई अशा संघांविरुद्ध बरेच आहेत, मेस्सीचे ब्राझील आणि उरुग्वेसारख्यांविरुद्ध. पण कुस्तीच्या कट्ट्यावरचा माणूस इथे आणखी एक प्रश्न विचारील, आणि तो छेत्रींच्या बाजूचा आहे. पास देणारे कोण होते? मेस्सीच्या पुढेमागे युरोपातल्या मोठमोठ्या क्लबांत रोज खेळणारी माणसे होती. छेत्री खेळत होते त्या संघाचा फिफाच्या क्रमवारीतला क्रमांक मार्च २०१५ मध्ये १७३ वर गेला होता. जून २०१४ पासून पुढची दहा वर्षे भारताला गोल हवा म्हटले की एकाच माणसाकडे बघायचे, अशी स्थिती होती. जून २०२४ मध्ये त्यांनी निवृत्ती घेऊन खेळ थांबवला तेव्हा १५१ सामन्यांत ९४ गोल झाले होते. नंतर संघाला गरज पडली म्हणून चाळिशीत ते परतही आले. आकडा खरा आहे, पण तो कशाचा आहे हे आकडा सांगत नाही.

पेलेंचेच बघा. त्यांचे गोल बाराशेच्या वर होते असे ऐकत आपण मोठे झालो. त्यात मित्रत्वाचे सामने, दौऱ्यांवरचे सामने सगळे आहे. फक्त अधिकृत सामने धरले तर संख्या साडेसातशेच्या आसपास येते. पेले तेच, चेंडू तोच, मोजणारा बदलला की पाचशे गोलांचा फरक. आणि भारतातल्या जुन्या खेळाडूंचे तर मोजलेही कुणी नीट नाही. देशातल्या अनेक स्पर्धांचे सामने तेव्हा ७० मिनिटांचे असत. नव्वद मिनिटे खेळणाऱ्याचे गोल आणि सत्तर मिनिटे खेळणाऱ्याचे गोल एका रांगेत कसे लावायचे?

आता मातीचा आणि मॅटचा प्रश्न. आमच्या शेजारच्या कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेला हा पैलवान तिथे मॅटवर खेळला आणि सहावा आला. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ फ्रान्सविरुद्ध उतरला. बहुतेक खेळाडू अनवाणी, काहींच्या पायाला पट्ट्या. दोन पेनल्टी हुकल्या आणि भारताचा १-२ असा पराभव झाला. दोन पेनल्टी! हा सामना भारताचा होता.

चार वर्षांनी हेलसिंकी. खाशाबांनी मधल्या काळात मॅटचे नियम, मॅटची पकड, गुणांचा हिशोब सगळे अंगात मुरवले होते. त्यांना जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, ही गोष्ट आमच्या भागात शाळेतली मुलेही सांगतात. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. फुटबॉल संघ मात्र लंडनला होता तसाच गेला. थंडी, ओले मैदान, समोर युगोस्लाव्हिया, आणि आपल्या बऱ्याच खेळाडूंच्या पायात बूट नाहीत. भारताचा १-१० असा धुव्वा उडाला. तो एक गोल बंगळुरूच्या अहमद खान यांचा. चेंडू पायाला चिकटवून ठेवण्याच्या कलेत त्या काळात त्यांच्या जोडीचा माणूस शोधावा लागे. पण हेलसिंकीच्या गवतावर ती कला घसरली. यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले.

अहमद खान यांना आजचे बूट आणि आजचे गवत दिले असते तर? हा प्रश्न मनात आला की मला खाशाबा आठवतात. दोघांची गोष्ट एकाच वर्षीची, एकाच शहरातली. एकाला नवी जमीन शिकायला चार वर्षे मिळाली, दुसऱ्याला शिकवणारेच कुणी नव्हते. त्या १-१० वरून अहमद खान यांची लायकी ठरवणे हा अन्याय आहे.

बुटांचा विषय निघाला आहे तर कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगबद्दल बोललेच पाहिजे, कारण आपल्या लोकांत या क्लबविषयी अभिमान फार आणि माहिती थोडी असते. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने १९३४ मध्ये कलकत्ता लीग जिंकली. तोवर ही लीग कुठल्याही भारतीय संघाला मिळाली नव्हती. पुढे १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे ती त्यांनी सोडली नाही. यामागे दोन साध्या गोष्टी होत्या. त्यांनी बंगालपुरते न बघता बंगळुरूपासून क्वेट्ट्यापर्यंतचे खेळाडू आणले, आणि पावसाने मैदान निसरडे झाले की हलके बूट घालून खेळायला सुरुवात केली. बाकीचे देशी संघ चिखलात अनवाणी घसरत असताना यांचे पाय जमिनीत रोवलेले असत. हेलसिंकीला जे १९५२ मध्ये कळले ते यांना १९३४ मध्येच कळले होते.

याच संघातले मोहम्मद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडला गेले आणि ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून दोन सामने अनवाणी खेळले. पायाला पट्टी बांधून घेतानाचा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. समोर सेल्टिकचा प्रशिक्षक गुडघ्यावर बसून पट्टी गुंडाळतो आहे. गॅल्स्टनविरुद्ध सेल्टिकचा ७-१ असा विजय झाला आणि तिथल्या वृत्तपत्रांनी सलीम यांच्या पायांवर रकाने लिहिले. क्लबने थांबायचा आग्रह केला, पण घरची आठवण येते म्हणून सलीम परतले. आता सांगा, युरोपात फक्त दोन सामने खेळलेल्या माणसाला कुठल्या तक्त्यात बसवणार?

मुंबईचा वाटा इथेच येतो. दक्षिण मुंबईतल्या कूपरेज मैदानावरची रोव्हर्स कप ही १८९१ पासूनची स्पर्धा. सुरुवातीची कित्येक वर्षे ती गोऱ्या पलटणींचीच होती. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या क्लबने ती जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. १९४० मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंगने ती घेतली, आणि त्याच वर्षी दिल्लीत ड्युरंड कपही. ड्युरंड जिंकणारा तो पहिला भारतीय संघ होता.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा गोष्टींची यादी दरवर्षी फिरते. यादी खरी आहे. पण यादी तिथेच तोडायची सवय मला खटकते, कारण पुढचे पान अवघड आहे. त्या दशकात या क्लबचा विजय हा गोऱ्यांवरचा विजय म्हणून हिंदू-मुसलमान दोघांनी साजरा केला. पुढे राजकारण तापले तसे तोच संघ एका बाजूचे निशाण होऊन बसला. फाळणी झाली, काही खेळाडू तिकडे गेले, आणि जे इथे राहिले त्यांच्याकडे काही जण उगाच संशयाने बघू लागले. खेळाडूला धर्माच्या खात्यात जमा केले की त्याच्या खेळाचे काय होते, हे मोहम्मेडनच्या इतिहासात दोन्ही बाजूंनी शिकता येते.

मला ज्या दोन नावांसाठी हा लेख लिहावासा वाटला, त्यातले पहिले नाव नेव्हिल डिसोझा.

नेव्हिल गोव्यातल्या आसगावचे, पण खेळले मुंबईत. टाटा स्पोर्ट्स क्लबकडून. १९५४-५५ ची संतोष ट्रॉफी तेव्हाच्या बॉम्बे संघाने जिंकली. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकला ते सेंटर फॉरवर्ड म्हणून गेले. १ डिसेंबर १९५६ रोजी उपांत्यपूर्व सामन्यात यजमान ऑस्ट्रेलिया समोर होता. भारताचा ४-२ असा विजय झाला आणि नेव्हिल यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवणारा. उत्तरार्धाच्या सुरुवातीला नेव्हिल यांनी गोल केला आणि भारताने आघाडी घेतली! थोडा वेळच टिकली ती. शेवटी १-४. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ०-३. भारत चौथा आला. नेव्हिल यांचे चार गोल मात्र स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांत होते. बरोबरीला एक युगोस्लाव्ह आणि एक बल्गेरियन.

तालमीच्या कट्ट्यावरचे प्रश्न इथेही लावले पाहिजेत, नाहीतर अभिमानाला अर्थ नाही. मेलबर्नला अकराच संघ होते, अनेक देशांनी माघार घेतली होती. भारताला पहिल्या फेरीत हंगेरी न आल्याने पुढे चाल मिळाली होती. ऑस्ट्रेलियाचा संघ हौशी होता. हे सगळे खरे. पण पूर्व युरोपातल्या देशांचे संघ तेव्हा आपले उत्तम खेळाडू ऑलिंपिकला पाठवत. त्यांना ‘हौशी’ म्हणणे हे फक्त कागदावर होते. अशा युगोस्लाव्हियाविरुद्ध गोल करून आघाडी घेणारा मुंबईचा नोकरदार खेळाडू, हे वजन कुठल्या काट्यावर तोलणार? छेत्रींचे ९४ एका पारड्यात आणि नेव्हिल यांचे मेलबर्नचे ४ दुसऱ्या पारड्यात ठेवले तर माझे पारडे सरळ राहत नाही. ते नेव्हिलकडे झुकते.

नेव्हिल १९८० मध्ये वारले. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून सुरू झाला, तोवर त्यांचा भर ओसरला होता. फुटबॉलमधल्या अर्जुन विजेत्यांत त्यांचे नाव नाही. खाशाबांना तो मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. मुंबईतल्या कुठल्याही मुलाला विचारा, सचिन कोणत्या शाळेत शिकला ते सांगेल. नेव्हिल डिसोझा कोण, हे मात्र फुटबॉल खेळणाऱ्या मुलालाही बहुधा सांगता येत नाही. त्यांचे गोल टीव्हीवर दाखवायला तेव्हा आपल्याकडे टीव्हीच नव्हता. जो दिसत नाही तो ‘गोट’च्या वादात येत नाही, एवढे सरळ आहे ते.

दुसरे नाव सय्यद अब्दुल रहीम. ते या अर्थाने फुटबॉलपटू म्हणून प्रसिद्ध नाहीत, प्रशिक्षक म्हणून आहेत. हैदराबादचे. २०२४ मध्ये ‘मैदान’ चित्रपट आला तेव्हा अनेकांना त्यांचे नाव पहिल्यांदा कळले. चित्रपटात नीटसे न दिसणारी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रहीम पेशाने शिक्षक होते. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, हैदराबादच्या शाळांतून शिकवणारे. त्यातली एक उर्दू शाळाही होती. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे या माणसाकडे बघताना माझी नजर निःपक्षपाती राहणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आणि हे हैदराबाद आपल्याला परके नाही. १९५६ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद त्याच राज्यात होते. १९४८ ची पोलीस कारवाई, त्यानंतरचे दिवस, मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांनी काय सोसले, हे आपल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहे. अशा काळात, दोनच वर्षांनी, १९५० मध्ये रहीम यांनी हैदराबाद सिटी पोलीसचा संघ हाती घेतला. त्या संघाने कूपरेजवर रोव्हर्स कप १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे जिंकला. १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० असे नमवून सुवर्ण घेतले तेव्हाही प्रशिक्षक रहीमच होते. हेलसिंकीचा पराभवही त्यांच्या खात्यावर आहे आणि मेलबर्नचे चौथे स्थानही. मधल्या चार वर्षांत त्यांनी काय केले तर शिकवले. डाव्या पायाचा खेळाडू असेल तर सामना फक्त उजव्या पायाने खेळायचा. चेंडू घेऊन पळायचे नाही, एका स्पर्शात पुढे द्यायचा. अशा सामन्यांतून ते मुलांना तयार करत, असे त्यांच्या शिष्यांनी सांगितले आहे. कच्च्या विषयाचा तास जास्त घ्यायचा, ही शिक्षकाची पद्धत. अध्यापन महाविद्यालयात हे आम्हाला जाड पुस्तकातून शिकवले.

सिकंदराबादचा तुलसीदास बलराम हा गरीब घरातला मुलगा त्यांना गल्लीतल्या खेळात सापडला. सरावाला यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी सायकलची सोय करून दिली. सायकलवरून येणारा तो मुलगा पुढे मेलबर्न, रोम आणि जकार्ता खेळला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरीविरुद्ध आणि पेरूविरुद्ध भारताचे गोल त्याचेच.

जकार्ता, १९६२. आशियाई स्पर्धा. ही स्पर्धा आमच्या सांगली जिल्ह्याला पाठ आहे, पण वेगळ्या कारणासाठी. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी तिथे फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य घेतले. पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. दोघांची पदके अशी उलटसुलट सारखी पडल्यामुळे मोठा कोण हा वाद मिटायचे नावच घेत नाही. ते सुवर्ण आठवणाऱ्यांना त्याच पथकात रहीम यांचा फुटबॉल संघही होता, हे सांगितले की आश्चर्य वाटते.

फुटबॉलची सुरुवात वाईट झाली. दक्षिण कोरियाकडून ०-२. मग थायलंडला ४-१, जपानला २-० असे हरवले. थायलंडच्या सामन्यात बचावफळीतल्या जर्नेल सिंगचे डोके फुटले, टाके पडले. अशा माणसाला बचावात ठेवले तर प्रत्येक उंच चेंडू डोक्याने परतवावा लागणार. रहीम यांनी त्याला बसवले नाही, सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढे उभे केले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२. जर्नेलचा एक गोल. ४ सप्टेंबरला अंतिम सामना, पुन्हा दक्षिण कोरिया. इस्रायल आणि तैवानला इंडोनेशियाने येऊ दिले नाही यावर एका भारतीय अधिकाऱ्याने आक्षेप घेतला होता, त्यामुळे अख्खे मैदान भारताच्या विरोधात. लाखाच्या घरातले प्रेक्षक. आजारातून उठलेला थंगराज गोलमध्ये. पहिल्या वीस मिनिटांत पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांचे दोन गोल झाले. कोरियाने शेवटी एक परत केला. २-१.

त्या संघातली नावे वाचा. पीटर थंगराज, जर्नेल सिंग, अरुण घोष, राम बहादूर, युसूफ खान, पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, बलराम. आपल्या ग्रुपवर फिरणाऱ्या यादीत यातला फक्त युसूफ खान बसतो. दुसऱ्या बाजूच्या यादीत, जिथे ‘यांनी देशाला काय दिले’ असे विचारले जाते, तिथे रहीम बसत नाहीत. हैदराबादच्या त्या मास्तरांना दोन्ही याद्या समजल्या नसत्या.

आता उत्तर द्यायलाच पाहिजे. त्या तिघांत, म्हणजे पी. के., चुनी आणि बलराम यांत, मोठा कोण? कोलकात्यात चुनींचे नाव आधी घेतात. देखणा खेळ, कर्णधारपद, आणि वर क्रिकेटही. १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे कर्णधार तेच होते. पी. के. मोठ्या सामन्यातले. रोमला फ्रान्सविरुद्ध आघाडी देणारा गोल त्यांचा, जकार्तातला पहिला गोल त्यांचा. तरी माझे मत बलरामला. डावीकडे, मध्ये, मागे, जिथे सांगाल तिथे तो खेळला आणि कुठेही कमी पडला नाही. खेळाडूला दुसऱ्या काळात नेऊन बसवायचे असेल तर मी हेच बघतो. एकाच जागी चमकणाऱ्याला त्या काळची चाल लागते, त्या काळचे सोबती लागतात. बलरामला चेंडू पुरला असता. फुप्फुसाच्या आजाराने तिशीच्या आत त्यांचा खेळ संपला. १९६३ नंतर ते मैदानात नव्हते.

नेव्हिल आणि छेत्री यांच्यात मी आधीच कौल दिला आहे. तरी एक गोष्ट छेत्रींच्या नावे लिहून ठेवतो. नेव्हिलला रहीम मिळाले. छेत्रींना दर दोन-चार वर्षांनी नवा परदेशी प्रशिक्षक मिळाला. रिकाम्या अंधेरीच्या मैदानात हॅट्ट्रिक करून वर हात जोडावे लागले, हे नेव्हिलच्या वाट्याला आले नव्हते.

कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल वाचक विचारतीलच. तिथे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल या तालमींच्याच नावाने फुटबॉलचे संघ आहेत. आखाड्याच्या शेजारी फुटबॉलचा बूट ही आपल्या भागाची खास गोष्ट आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. पण कोल्हापूरचा इतिहास हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

रहीम यांना जकार्ताच्या वेळीच कर्करोग होता. ११ जून १९६३ ला ते गेले. आता भारतीय फुटबॉल महासंघाच्या सर्वोत्तम प्रशिक्षकाच्या पुरस्काराला त्यांचे नाव आहे. १९७७ मध्ये पेले कॉसमॉस संघाकडून कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध खेळले. सामना २-२ असा सुटला. बागानचे प्रशिक्षक होते रहीम यांचे शिष्य पी. के., आणि एक गोल होता हैदराबादच्या मोहम्मद हबीब यांचा. त्याआधी १९७० मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताला फुटबॉलचे कांस्य मिळाले. कर्णधार सय्यद नईमुद्दीन, हैदराबादचेच. संघाला शिकवणाऱ्यांत पी. के. होते. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे पदक भारताला मिळालेले नाही.